टाळू उघडी, शिवण बंद : लांबट डोक्याच्या एका बाळाचं प्रकरण

बाळ मुलगा, वय चार महिने, राहणार लातूर जिल्ह्यातलं एक गाव. पूर्ण दिवस भरलेले, प्रसूती साधी, जन्मवजन २.९ किलो, जन्मल्याबरोबर रडलं. आणलं होतं सर्दीसाठी. छाती स्वच्छ होती, नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब लिहून दिले. उठता उठता आई म्हणाली, "मॅडम, याला कुठलंच टोपडं बसत नाही बघा. कानावर ढिलं पडतंय अन् मागून तटतंय."

आजीने तिला तिथेच थांबवलं. "आमच्या घरात समद्यांचीच डोकी अशी लांबोळी. आजावर गेलंय लेकरू."

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हे एकाच बाळाचं हुबेहूब टिपण नाही. अशा बाळांच्या बाबतीत जे घडताना नेहमी दिसतं, ते एका बाळाच्या रूपात मांडलं आहे.

आधी काय काय झालं होतं

डोकं लांबट आहे हे जन्माच्या दुसऱ्याच दिवशी घरात सगळ्यांना दिसलं होतं. बाहेर येताना बाळाच्या कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात, डोकं निमुळतं होतं आणि साधारण आठवड्याभरात ताळ्यावर येतं. त्यामुळे तेव्हा "होईल नीट" म्हणणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. मग न्हाऊ घालणारी बाई लागली. रोज तेल, टाळू भरणं, एक तळवा कपाळावर आणि एक डोक्यामागे ठेवून डोकं गोल करणं. दीड महिन्याचं झाल्यावर मोहरीची उशी आली. आशाताई घरी येऊन वजन करून गेल्या. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस वेळच्या वेळी झाले. कार्डावर वजनाची रेघ चढती होती. चौदाव्या आठवड्याला कुणीतरी डोक्याचा घेरही मोजला होता आणि त्यापुढे 'नॉर्मल' लिहिलं होतं.

आईने त्याही वेळी आकाराबद्दल विचारलं होतं. टाळूला हात लावून उत्तर मिळालं, "टाळू उघडी आहे, घेर बरोबर आहे, काळजी करू नका." यातली पहिली दोन विधानं शंभर टक्के खरी होती. तिसरं त्यांच्यातून निघत नव्हतं, आणि हे प्रकरण लिहायचं कारण तेवढंच आहे.

तपासणी

बाळ हसरं होतं, मान धरत होतं, आजीच्या बांगड्या वाजल्या की डोळे तिकडे वळत होते. वजन ६.६ किलो. आईच्या मांडीवर बसवून वरून पाहिलं. पुढे कपाळ भरलेलं आणि बाहेर आलेलं, मागे डोक्याचा भाग टोकदार, आणि दोन्ही कानांच्या वर डोकं दोन्हीकडून चेपल्यासारखं अरुंद. डावी-उजवी बाजू मात्र अगदी सारखी.

तेल लावलेले केस बाजूला केले आणि तर्जनी टाळूच्या मागच्या कोपऱ्यापासून मधोमध मागे नेली. या वयाच्या बाळात तिथे बोटाला एक बारीक मऊ फट लागते, कवटीच्या दोन हाडांमधली शिवण. इथे फट नव्हती. उंचवट्याची एक कडक धार होती, पार मागच्या टाळूच्या जागेपर्यंत गेलेली. दोन्ही अंगठे त्या धारेच्या दोन बाजूंना ठेवून आळीपाळीने हलकं दाबलं. एरवी एक हाड किंचित दबतं आणि दुसरं जागेवर राहतं. इथे दोन्ही बाजू एकसंध. पुढची टाळू मात्र छान मऊ, दीड बोटाएवढी, नाडीबरोबर हलकी उडणारी.

हातापायांची बोटं सुटी होती, डोळे बाहेर आलेले नव्हते, कपाळामागच्या दोन्ही आडव्या शिवणी बोटाला मऊ लागत होत्या. मनगटं रुंद नव्हती. हे सगळं बघायचं ते अशासाठी की काही आनुवंशिक आजारांत एकाहून जास्त शिवणी मिटतात, आणि बोटं जुळलेली असणं किंवा डोळ्यांच्या खोबणी उथळ असणं ही त्यांची खूण असते. मुडदूसही, त्यातही रक्तातलं फॉस्फेट कमी असलेला जन्मजात प्रकार, कवटीच्या शिवणी लवकर मिटवू शकतो.

शिवण म्हणजे नेमकं काय

सांधा म्हटलं की गुडघा, खांदा, बोटं आठवतात. त्या सांध्यांत पोकळी असते, वंगणाचं काम करणारा द्रव असतो, हाडांच्या टोकांना कूर्चा असते. तंतुमय सांध्यात यातलं काहीच नसतं. दोन हाडं आणि त्यांना बांधणारे चिवट तंतू, बस्स. दात जबड्याच्या खाचेत असाच बसलेला असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या तंतूंवर टांगलेला. घोट्याच्या वर नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरचं सडपातळ हाड हीही अशाच तंतूंनी जखडलेली असतात. कवटीच्या शिवणी हा तिसरा प्रकार, आणि तो कवटीखेरीज कुठेच सापडत नाही.

मोठ्या माणसात या शिवणीचं काम जोडून ठेवण्याचं. बाळात तिचं काम वेगळंच असतं. शिंपी वाढत्या पोराच्या कपड्याला शिवणीत माया ठेवतो, तशी कवटीत वाढीची सोय शिवणींत असते. फरक इतकाच की कवटीत ही माया सोडून संपत नाही, ती रोज नव्याने तयार होते. आत मेंदू वाढतो, हाडांच्या कडा एकमेकींपासून किंचित ताणल्या जातात, आणि त्या कडांवर नवं हाड चढतं. मधली तंतूंची पट्टी मात्र हाड न होता तशीच राहते. ती तशी राहावी म्हणून मेंदूवरचं जाड आवरण खालून रासायनिक संदेश पाठवत असतं. या संदेशांचा तोल बिघडला की मधली पट्टीही हाड होऊन बसते आणि त्या जागी कवटी वाढायची थांबते.

शिवणी मिटतातच, प्रश्न फक्त कधी याचा आहे. कपाळाच्या मधली शिवण पहिल्या वर्षातच मिटते, तीन ते नऊ महिन्यांत, आणि ते अगदी बरोबर असतं. डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाणारी शिवण विशीनंतर मिटायला लागते. न्यायवैद्यकशास्त्रात सांगाड्याचं वय काढायला शिवणींचा आधार घेतात तो यावरूनच. माणसागणिक त्यात इतका फरक पडतो की एकट्या शिवणीवरून वय सांगणाऱ्यावर मी तरी विसंबणार नाही.

या बाळात विशीनंतर मिटायची ती शिवण जन्माआधीच मिटली होती. मग डोकं लांबच का झालं? याचं उत्तर जर्मन वैद्य रुडॉल्फ व्हिर्खो यांनी १८५१ मध्ये दिलं, आणि ढोबळ मानाने ते आजही टिकून आहे. मिटलेल्या शिवणीला काटकोनात जी वाढ व्हायची ती थांबते आणि शिवणीच्या दिशेने जास्त होते. मधली उभी शिवण मिटली म्हणजे रुंदी अडली. मेंदू काही थांबत नाही, तो पुढे कपाळाकडे आणि मागे जागा काढतो.

मोजपट्टी का फसली

मुलाचं डोकं जन्मताना सरासरी ३४.५ सेंटिमीटर असतं, वर्षाच्या शेवटी ४६ च्या आसपास. वर्षभरात साडेअकरा सेंटिमीटरची वाढ, आणि त्यातली सात पहिल्या चार महिन्यांतच होते. म्हणूनच शिवणीतली चूक याच काळात सगळ्यात वेगाने आकारात उतरते.

आमच्या बाळाचा घेर ४३ सेंटिमीटर भरला. चार महिन्यांच्या मुलाची जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातली सरासरी ४१.६. म्हणजे घेर कमी नव्हताच, थोडा जास्तच होता. या प्रकारात बहुतेक वेळा असंच होतं, कारण लांबीने रुंदीची भरपाई केलेली असते आणि पट्टी फक्त गोलाई मोजते. आकार तिला दिसत नाही. मग कॅलिपरने लांबी-रुंदी वेगळी घेतली. लांबी १६.२, रुंदी १०.९. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणलं की ६७. बाळांत हा आकडा सहसा ७५ च्या वर असतो, ८० च्या आगेमागे.

टाळूचंही तसंच. पुढची टाळू उभी शिवण, कपाळाची शिवण आणि दोन आडव्या शिवणी जिथे भेटतात त्या चौकात असते. चारांतली एकच मिटली तर चौक उघडा राहू शकतो, आणि या प्रकारात तो बरेचदा राहतोच. उलट एखाद्या बाळाची टाळू लवकर भरलेली असूनही सगळ्या शिवणी व्यवस्थित असू शकतात. टाळू बघणं वेगळं, शिवण बघणं वेगळं. आपल्याकडे टाळूला इतका मान आहे की ती पाहिली की डोकं पाहिलं असं सगळेच धरून चालतात, शिकलेलेसुद्धा.

दुसरं काय असू शकलं असतं

एकाच अंगावर झोपून चपटं झालेलं डोकं ओपीडीत कितीतरी जास्त दिसतं. ते मागून एका बाजूला चपटं असतं, त्या बाजूचा कान आणि कपाळ पुढे सरकलेलं असतं, शिवणी मऊ असतात. त्याला झोपायची बाजू बदलणं आणि जागेपणी पोटावर खेळवणं पुरतं. कमी दिवसांच्या, अतिदक्षता विभागात कुशीवर राहिलेल्या बाळांचं डोकंही लांबट-अरुंद होतं, अगदी या बाळासारखं. पण हे बाळ पूर्ण दिवसांचं होतं आणि मधोमध कडक धार होती.

तिसरी शक्यता उलट्या बाजूची. मेंदूच वाढत नसेल तर ताण राहत नाही आणि शिवणी लवकर मिटतात. तिथे घेर कमी भरतो, आणि शिवण उघडून काही साधत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये लानलाँग आणि अमेरिकेत लेन यांनी अशा लहान डोक्याच्या मुलांच्या कवट्या उघडल्या, मेंदूला जागा दिली की तो वाढेल या समजुतीवर. बरीच मुलं दगावली. १८९४ मध्ये न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ अब्राहम जेकोबी यांनी या शस्त्रक्रियांवर जाहीर तोफ डागली आणि पुढची काही दशकं कवटीच्या शिवणीला हात लावायला कुणी धजत नव्हतं. त्या टीकेची झळ ज्यांना खरंच शस्त्रक्रियेची गरज होती अशा मुलांनाही बसली. आमच्या बाळाचा भरलेला घेर या ठिकाणी उपयोगी पडला. मेंदू वाढतो आहे, अडचण कवटीची आहे, एवढं त्यावरून स्पष्ट झालं.

घरच्यांचे प्रश्न

निदान सांगितल्यावर खोलीत पहिला प्रश्न आजीचा आला. "हिनं गरोदरपणात ग्रहण पाळलं नव्हतं. त्यानं झालं का?" सून खाली बघत होती. ग्रहणाचा, झोपण्याच्या कुशीचा, पपईचा किंवा मालिशीचा याच्याशी काही संबंध नाही, हे तिथल्या तिथे आणि दोघींच्या समोर बोललं. एकच शिवण मिटलेली असताना बहुतेक वेळा ठोस कारण सापडत नाही. मधल्या उभ्या शिवणीचा प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो आणि मुलींपेक्षा मुलांत तीन-चारपट. काही घरांत आनुवंशिक धागा असतो. म्हणून आजोबांच्या डोक्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेला नाही, त्यांचा फोटो मागवून पाहिला. डोकं लांबट होतं खरं, पण टोपीतल्या फोटोवरून शिवण कळत नाही.

मोहरीच्या उशीबद्दलही विचारलं गेलं. मऊ कवटीवरचा एका जागचा दाब ती थोडा वाटून देईल कदाचित, मिटलेल्या हाडाला तिचा काही उपयोग नाही. शिवाय झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळ उशी नसावी हे गुदमरण्याच्या भीतीने आता जगभर सांगितलं जातं. उशी बंद करायला सांगितली. तेल लावा, फक्त दाबू नका. आजीला हे पटलं असं नाही, पण न्हाऊ घालणाऱ्या बाईला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

तपासण्या आणि पुढचा निर्णय

या वयात शिवण सोनोग्राफीवर चांगली दिसते, किरणोत्सर्ग नाही आणि बाळाला झोपवायचं औषधही लागत नाही. चांगल्या शिवणीत हाडाच्या दोन पांढऱ्या रेघांमध्ये काळी फट दिसते. इथे मधोमध एकच सलग रेघ होती, दोन्ही आडव्या शिवणींत फट होती. शस्त्रक्रियेचा आराखडा करायला सीटी स्कॅन लागतो, तो मात्र जिथे शस्त्रक्रिया होणार तिथेच एकदा, कमी मात्रेत करावा. इथे एक, तिथे परत एक, असं होऊ नये म्हणून तो मी मुद्दाम सांगितला नाही. बाळाला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या न्यूरोसर्जन आणि प्लास्टिक सर्जन यांच्या एकत्र ओपीडीला पाठवलं. तिथे दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, झोपेतच स्कॅन झाला. निदान पक्कं झालं. डोळ्यांचे पडदे तपासले, सूज नव्हती. इतक्या लहान बाळात पडद्याला सूज नाही म्हणजे आत दाब नाही अशी खात्री मिळत नाही, एवढं घरच्यांना सांगून ठेवलं. एकच शिवण मिटलेल्या बहुतेक मुलांत मेंदूवरचा दाब वाढत नाही. काहींत वाढतो, आणि कोणात वाढेल हे आधी ओळखता येत नाही.

दोन वाटा समोर ठेवल्या गेल्या. एक दुर्बिणीची. दोन लहान छेद, मिटलेली पट्टी काढून घेणं, रक्तस्राव कमी, एक-दोन दिवसांत घरी. ही पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेत हिमेनेझ आणि बरोन यांनी रुळवली. बाळ तीन महिन्यांच्या आसपास असेल तर उत्तम, सहा महिन्यांनंतर फायदा घटतो. पण या शस्त्रक्रियेत आकार देण्याचं अर्धं काम नंतर हेल्मेट करतं. ते दिवसाचे तेवीस तास, कित्येक महिने घालायचं, आणि डोकं वाढेल तसं पुन्हा पुन्हा जुळवून घ्यायचं. दुसरी वाट उघड्या शस्त्रक्रियेची. सहा महिने ते वर्ष या वयात, एका कानापासून दुसऱ्यापर्यंत छेद, हाडं सुटी करून नव्या आकारात बसवणं. हेल्मेट लागत नाही, पण रक्त जवळपास नेहमीच द्यावं लागतं.

कागदावर पहिली वाट सोपी दिसते. चार महिने उलटले होते आणि वेळ काठावर होता, तरी शल्यचिकित्सकांची ना नव्हती. अडचण होती ती मराठवाड्यातल्या उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, वीज जाते-येते, आणि अशात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर तेवीस तास घट्ट कवच. घामाने कातडी सोलवटली की हेल्मेट काढावं लागतं, आणि काढून ठेवलं की शस्त्रक्रियेचा फायदा निसटतो. दर दोन-तीन आठवड्यांनी मुंबईची खेप वेगळीच. बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी होता. लातूरहून रेल्वेने रात्र काढून यायचं, आणि दर खेपेला मजुरी बुडवायची. हेल्मेट अर्धवट वापरून अर्धवट आकार मिळण्यापेक्षा उघडी शस्त्रक्रिया बरी, असं मी स्पष्ट मत दिलं. मुंबईत राहणाऱ्या, साडेतीन महिन्यांच्या आत आलेल्या बाळाला मी उलट सल्ला दिला असता. घरच्यांनी दोन दिवस विचार करून उघडी शस्त्रक्रिया निवडली.

मधल्या काळात काम होतं हिमोग्लोबिनचं. या वयात ते मुळातच उतरलेलं असतं. बाळाचं ९.८ होतं, लोहाचे थेंब सुरू केले, सहाव्या महिन्यापासून वरच्या आहारात नाचणी आणि डाळ. शस्त्रक्रियेच्या वेळी ते ११.४ झालं होतं.

शस्त्रक्रिया आणि नंतर

वय नऊ महिने, वजन ८.४ किलो. या वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर, म्हणजे एकूण पावणेसातशे मिलिलिटरच्या आत. मोठ्या माणसात ज्या दीडशे मिलिलिटरकडे कुणी फारसं बघणार नाही, ते इथे पाचव्या हिश्शाहून जास्त. म्हणून रक्त आधीच जुळवून ठेवलं होतं, आणि स्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड सुरुवातीपासून चालू होतं. छेद सरळ न घेता नागमोडी घेतला. सरळ व्रणावरून केस दोन्हीकडे पडतात आणि ओल्या डोक्यात रेघ उघडी दिसते, नागमोडी व्रण केसांत लपतो. हाडं बसवायला वापरलेल्या पट्ट्या शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या होत्या. धातूची पट्टी वाढत्या कवटीत हाडाखाली गाडली जाऊ शकते.

दुसऱ्या दिवशी बाळाचे दोन्ही डोळे सुजेने पूर्ण मिटले. हे होणार हे आधी सांगितलेलं होतं, तरी आई हबकली. तिला पाळण्याजवळ बसून सतत बोलत राहायला सांगितलं. आवाज थांबला की बाळ हात हवेत चाचपत रडायचं. चौथ्या दिवशी एक डोळा किलकिला झाला, सहाव्या दिवशी घरी सोडलं.

तीन महिन्यांनी लांबी-रुंदीचा आकडा ७६ होता, दोन वर्षांचं झाल्यावर ७५. थोडा उतरणं अपेक्षितच असतं. हाडाची टाळूजवळची एक लहानशी फट अजून बोटाला लागते. ती भरत आली आहे, तोवर पडण्या-आपटण्याला जपायचं.

आता मूल अडीच वर्षांचं आहे. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतं, पळतं, डोळ्यांचे पडदे स्वच्छ आहेत. पडद्यांची तपासणी ठरावीक काळाने चालू राहील, कारण शस्त्रक्रियेनंतरही क्वचित दाब पुन्हा वाढतो, आणि वाढत्या वयात तो पडद्यांवर जास्त भरवशाने कळतो. शाळेत घालण्याआधी भाषेची आणि एकाग्रतेची चाचणी ठरवली आहे. या मुलांची बुद्धी बहुधा चारचौघांसारखीच असते, पण काहींना वाचन-लेखनात अडखळायला होतं आणि ते पहिली-दुसरीपर्यंत लक्षात येत नाही. आईला पुन्हा दिवस गेले आहेत. पुढच्या बाळात हे होण्याची शक्यता फार कमी आहे, पण शून्य नाही. म्हणून त्या बाळाला सहा आठवड्यांच्या डोसालाच माझ्याकडे आणायचं ठरलं आहे.